आधी ‘आत्ताच का?’, मग टेस्ट: मानसिक तपासणी आणि उपचार, पायरीपायरीने

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत येणाऱ्यांपैकी बरेचजण पहिलं वाक्य स्वतःबद्दल बोलतच नाहीत. “मॅडम, ह्याची एकदा बुद्ध्यांकाची टेस्ट करून टाका.” “हिला जरा समजावून सांगा.” “बायको मागं लागली म्हणून आलोय, तसं मला काय नाही.” यात त्यांची चूक नाही. मिरजेत पावलापावलावर दवाखाना असल्यामुळे आपल्या भागाला एक सवय लागली आहे: सकाळी रक्त द्यायचं, संध्याकाळी रिपोर्ट घ्यायचा, रात्रीपासून गोळी सुरू. मनाच्या बाबतीत ही चाल चालत नाही. इथे तपासणीलाच तीन-चार बैठका लागतात, आणि नीट झालेल्या तपासणीत निम्मा उपचार होऊन जातो.

ही तपासणी आणि पुढचा उपचार कसा चालतो, त्यात तुम्ही काय करायचं आणि काय विचारायचं, ते इथे क्रमाने लिहिते. यातली माणसं खरी आहेत आणि नाहीतही. प्रत्येक उदाहरण तीन-चार जणांचं मिसळून, गाव-धंदा बदलून केलेलं आहे.

पायरी पहिली: कुणाकडे जायचं?

पाटीवर ‘माइंड’, ‘मन’ असं काही लिहिलं असेल तर आत कोण बसलंय ते विचारा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. गोळ्या तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (मी त्यातलीच) गोळ्या देत नाहीत. ते चाचण्या आणि बोलण्यातून होणारा उपचार करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. समुपदेशक मात्र दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेलाही असतो आणि दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलाही. “तुमचा आरसीआय नंबर काय?” असं विचारलं म्हणून चांगला माणूस रागावत नाही. जो रागावेल त्याच्याकडे परत जाऊ नका.

काही वेळा माझ्यासारखीकडे न येता थेट डॉक्टर गाठायचा. नसलेले आवाज ऐकू येणं, चार-चार रात्री झोप नसूनही अंगात प्रचंड उत्साह, अन्न-पाणी सोडणं, जीव देण्याची तयारी केलेली दिसणं, ही ती लक्षणं. घरातले आजोबा दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलायला लागले, तर तो बहुतेक मनाचा आजारच नसतो. रक्तातलं घसरलेलं सोडियम, लघवीतला संसर्ग, मेंदूतला रक्तस्राव असं काहीही असू शकतं. त्यांना मोठ्या दवाखान्यात न्या, आणि आजच न्या.

पैशाची अडचण असेल तर सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्याकडच्यांना क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर मराठीतून, दिवसरात्र आणि फुकट मिळते. 2022 च्या ऑक्टोबरपासून ती चालू आहे, तरी दहातल्या आठ जणांना मलाच तो नंबर कागदावर लिहून द्यावा लागतो.

आणि देवऋषाकडे जाऊन आला असाल तर तेही सांगा. मी भांडत नाही. कुणी काय सांगितलं, कशाने थोडं बरं वाटलं, हे मला उपयोगी पडतं. फक्त साखळी, मारहाण आणि चालू गोळ्या बंद करणं, या तीन गोष्टींवर मी ऐकत नाही.

पायरी दुसरी: येण्याआधीचं काम

एक साधी वही घ्या. दोन आठवडे रोज तीन ओळी: झोप किती, दिवसातला सगळ्यात वाईट तास कोणता, त्या तासाआधी काय झालं. बस. शिवाय ह्या गोष्टी पिशवीत टाका: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या (मेडिकलवाल्याने ‘झोपेला बऱ्या’ म्हणून दिलेल्यासुद्धा), थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 चे अलीकडचे रिपोर्ट, मूल असेल तर पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. थायरॉइड मंदावलं की माणूस डिप्रेशनसारखाच दिसतो. बी-12 कमी असेल तर थकवा, विसराळूपणा, चिडचिड. शाकाहारी घरांत ते कमी असणं नवलाचं नाही. रक्ताचं उत्तर असलेल्या प्रश्नावर सहा महिने बोलत बसण्यात अर्थ नसतो.

मुलाला आणणार असाल तर खोटं सांगून आणू नका. एका मुलाला ‘बूट घ्यायला चाललोय’ म्हणून आणलं होतं. तो चाळीस मिनिटं दप्तर छातीशी धरून बसला आणि माझ्याकडे न बघता एकच वाक्य बोलला: “बुटाचं दुकान कुठाय?” पुढच्या दोन बैठका मला ते खोटं फेडण्यात घालवाव्या लागल्या. सरळ सांगा: “घरात आपलं सगळ्यांचंच बिघडलंय. एका मॅडमशी बोलून बघू. तुला नाही आवडलं तर तीनदा जाऊन मग ठरवू.” ‘आपलं’ हा शब्द महत्त्वाचा.

पायरी तिसरी: पहिली बैठक आणि एक प्रश्न

साधारण पन्नास मिनिटं ते एक तास. झोप, भूक, कामधंदा, आधीचे आजार, घरात कुणाला असा त्रास होता का, दारू-तंबाखू, हे सगळं विचारलं जातं. पण माझा सगळ्यात कामाचा प्रश्न तीन शब्दांचा आहे: आत्ताच का आलात? त्रास पाच वर्षांचा असतो. मग ह्याच मंगळवारी फोन का केला? उत्तर बहुतेक वेळा प्रश्नाच्या मुळाशी नेतं.

सांगलीच्या जुन्या, नदीकाठच्या गावभागातल्या एक बाई जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. तक्रार पोटाची. ढवळतं, जेवण जात नाही, रात्री दोनला जाग. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं होतं, काही निघालं नव्हतं. ‘आत्ताच का?’ विचारलं तर म्हणाल्या, “दर वर्षी ह्याच टायमाला होतंय.” बोलता बोलता त्यांचा हात तीनदा फोनकडे गेला. स्क्रीनवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी होती. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा त्या सासूबाईंना घेऊन माळ्यावर दोन रात्री बसल्या होत्या. 2021 ला पुन्हा घर सोडावं लागलं. पोटाला काही झालेलं नव्हतं, पोट फक्त कॅलेंडर बघत होतं. हा प्रश्न राहून गेला असता, तर मीही त्यांना ‘ॲसिडिटी, टेन्शनमुळे’ असं गुळमुळीत काहीतरी सांगून श्वासाचे व्यायाम दिले असते.

पायरी चौथी: मुलं असतील तर नियम आधी

तेरा ते अठरा वयाच्या मुलांसोबत पहिली पंधरा मिनिटं आईवडिलांसमोर जातात आणि ती सगळी गोपनीयतेच्या नियमांची असतात. मी तिघांसमोर मोठ्याने सांगते: तू इथे बोलशील ते आईबाबांना कळणार नाही. अपवाद तीन: तुझ्या जिवाला धोका, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा तुझ्यावर कुणी लैंगिक अत्याचार केलेला असणं. तिसऱ्या बाबतीत 2012 च्या पोक्सो कायद्याने कळवणं मला बंधनकारक आहे आणि ते मी मुलांपासून लपवत नाही. सांगण्याची वेळ आलीच तर आधी तुला सांगेन, मग आपण दोघं मिळून त्यांना सांगू.

वडिलांचा चेहरा इथे हमखास पडतो. “मी पैसे देतोय आणि मलाच कळणार नाही?” नाही कळणार. काय चाललंय त्याची दिशा कळेल, तपशील नाही. हे मान्य नसेल तर पैसे वाया घालवू नका. मूल बोलणारच नाही.

नंतर एकट्याशी. गप्प बसलेल्या मुलाला प्रश्न विचारत राहिलं की तो आणखी गप्प होतो. मी एक लांब कागद ठेवते, त्यावर उठल्यापासून झोपेपर्यंतची रेघ काढते आणि कालचा दिवस त्याला भरायला सांगते. तासगावकडच्या एका दहावीतल्या मुलाची गोष्ट सांगते, कारण पुढच्या पायऱ्या तिच्यावरूनच कळतील. तक्रार: मोबाइलचं व्यसन, अभ्यासाचं नाव नको, फोन काढून घेतला की आदळआपट. “पोरगं हातातनं गेलंय ओ मॅडम.” त्याने ती रेघ भरली. रात्री अकरा ते दोन फोन. मान्य. पण मला खटकलं ते वेगळंच. शाळेतल्या प्रत्येक तासाखाली त्याने तास कुणाचा ते लिहिलं होतं आणि मराठीच्या तासाखाली बारीक अक्षरात ‘वाचायला उटवत्यात’. ‘उठवतात’ असं त्याला म्हणायचं होतं. त्या एका ओळीतही चुका होत्या, आणि अक्षर तिसरीतल्या मुलासारखं.

फोनवर तो काय बघायचा? व्हिडिओ. फक्त व्हिडिओ. तिथे वाचावं लागत नाही.

पायरी पाचवी: चाचण्या, आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची

आता कुठे टेस्टची पाळी आली. या मुलाच्या दोन चाचण्या ठरल्या: एक बुद्धीची, एक वाचन-लेखन-गणिताची.

बुद्ध्यांक म्हणजे ताप मोजल्यासारखा आकडा नव्हे. त्याच वयाच्या मुलांत तुम्ही कुठे उभे आहात, एवढंच तो सांगतो. सरासरी 100 धरतात आणि दोन-तृतीयांश मुलं 85 ते 115 मध्ये येतात. जाग्रण, ताप, भूक, परीक्षकाची भीती यांनी तो खाली येतो. म्हणून 98 आणि 103 यांत फरक शोधणाऱ्या पालकांना मी कागद उलटा करून ठेवायला सांगते.

भाषेचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात फार मोठा आहे. जतच्या पूर्व भागात पुष्कळ घरांत कन्नड बोलतात, शाळा मात्र मराठी. अशा मुलाला मराठी शब्दांचे अर्थ विचारले आणि त्याला आले नाहीत, तर त्यात बुद्धीचा काय दोष? बिने-कामत ही बुद्धीची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांवर प्रमाणित झालेली आहे हे खरं, पण ती जुनी, स्वातंत्र्याच्या आधीची. मी अशा मुलांना ठोकळे, आकृत्या, कोडी असे भाषा न लागणारे भाग जास्त देते आणि घरी कोणती भाषा बोलतात ते अहवालात पहिल्याच परिच्छेदात लिहिते. तुमच्या अहवालात हे लिहिलेलं नसेल तर मागून घ्या.

तासगावच्या मुलाची बुद्धी चांगली सरासरीची निघाली, आकृत्यांमध्ये तर वरची. वाचन मात्र चौथीच्या पातळीवर. म्हणजे वाचनाची अध्ययन अक्षमता. आठ वर्षं शाळेने त्याला आळशी म्हटलं, घराने हट्टी म्हटलं, आणि त्याने स्वतःला ‘ढ’ म्हटलं. अहवाल समजावताना वडील बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, “मलाबी पेपर वाचायला लई वेळ लागतोय.” हा त्रास बऱ्याचदा घराण्यात असतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत, त्यांत ही अक्षमता येते. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी माझा कागद चालत नाही, अधिकृत शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. हे काम दहावीच्या डिसेंबरमध्ये सुरू करू नका. आठवीत संशय आला तर आठवीतच.

‘एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) आहे का बघा’ हीही नेहमीची मागणी. त्यासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात आणि किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, घरी आणि शाळेत असं. नववीत अचानक लक्ष लागेनासं झालं असेल तर मी आधी झोप, भीती, कुणी छळतंय का, प्रेमप्रकरण, घरातली भांडणं हे बघते. प्रगतिपुस्तकं मागते ती ह्यासाठीच. दुसरीतल्या बाईंनी शेऱ्यात ‘वर्गात स्थिर बसत नाही’ लिहिलेलं असतं, किंवा नसतं.

मोठ्यांसाठी छोट्या प्रश्नावल्या असतात. डिप्रेशनसाठी पीएचक्यू-9, त्यात नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, गुण 0 ते 27. दहा किंवा वर गेलं तर लक्ष द्यावं लागतं, वीस किंवा वर म्हणजे तीव्र. काळजीसाठी जीएडी-7, गुण 0 ते 21. नेटवर दोन्ही मिळतात, भरून बघायला हरकत नाही. पण तो आकडा म्हणजे निदान नव्हे. घरात महिन्यापूर्वी मृत्यू झालेल्या माणसाचे गुण वाढलेलेच असणार. शाईच्या डागांच्या दहा चित्रांची चाचणी आजही बरेचजण देतात. मी क्वचित. तिच्यावरून स्वभावाचं भविष्य सांगणारा कुणी भेटला तर पंचांग स्वस्त पडेल.

पायरी सहावी: टाळू नये असा प्रश्न

जीव नकोसा वाटतो का, मरावंसं वाटतं का, हे मी प्रत्येकाला विचारते. तेरा वर्षांच्या मुलीलाही, सत्तर वर्षांच्या आजोबांनाही. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो हा गैरसमज आहे. उलट बहुतेकांचे खांदे खाली येतात, कारण कुणीतरी शेवटी ते नाव घेतलेलं असतं. तुम्हीही घरी विचारा, सरळ शब्दांत. “असलं काही वेडंवाकडं मनात आणत नाहीस ना?” असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं, कारण प्रश्नातच ते मागितलेलं असतं.

उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी घरातली औषधं काढायची. आपल्या भागात याचा अर्थ फक्त गोळ्यांची पाकिटं नव्हेत. द्राक्षबागेच्या फवारणीची औषधं जिन्याखाली, न्हाणीशेजारी, कुठेही पडलेली असतात. ती कुलपात किंवा सरळ दुसऱ्याच्या शेडवर. हा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की जीव वाचतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानलं जातं. त्याच्यावर खटला नव्हे, उपचार व्हावेत असा त्या कायद्याचा रोख आहे. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका.

पायरी सातवी: नकाशा

चाचण्या, बोलणं, घरच्यांचं म्हणणं, हे सगळं एकत्र करून मी एक कागद करते. त्यात तीन गोष्टी असतात: वाळलेलं गवत कुठलं होतं, ठिणगी कशाची पडली आणि आता वारा कोण घालतंय, म्हणजे त्रास चालू कशाने राहतोय. औषधं आणि उपचार बहुतेक वेळा वाऱ्यावर काम करतात. पूर घडून गेलेला असतो, तो मागे नेता येत नाही. पण दिवसातून साठ वेळा फोनवर फूट बघणं थांबवता येतं. हा कागद मी त्या माणसासमोरच लिहिते, त्याच्या शब्दांत. त्याला तो पटला नाही तर कागद चुकला, माणूस नाही.

हा कागद तुम्हाला कुणी दाखवला नाही, तीन-चार बैठका होऊनही ‘माझं नेमकं काय चाललंय आणि आपण काय करणार आहोत’ हे कळलं नाही, तर विचारा.

पायरी आठवी: मोठ्यांचा उपचार, एक उदाहरण जवळून

मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात असलेले पन्नाशीतले गृहस्थ. प्लॅस्टिकच्या पिशवीत अकरा ईसीजी, दोन टूडी इको, एक अँजिओग्राफी. सगळं नॉर्मल. तरी दर चार-पाच दिवसांनी छाती धडधडते, हातांना मुंग्या, “आता मी जातो” असं वाटतं आणि गाडी मिरजेकडे. तीन महिने एकटे कुठे गेले नव्हते.

पॅनिक अटॅक म्हणजे धोक्याची घंटा धोका नसताना वाजणं. ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास भरभर होतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून मुंग्या आणि चक्कर. तो दहा मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि आपोआप उतरतो. हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि पटलं काहीच नाही. पटतही नसतं. सांगून पटलं असतं तर पहिल्या ईसीजीनेच पटलं असतं.

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही दोघं जिन्याने तीन मजले भराभर चढलो. (हृदयाच्या डॉक्टरांकडून आधी लेखी घेतलं होतं. घरी करून बघणाऱ्यांनीही आधी घ्यावं.) वर पोचल्यावर त्यांना धडधड झाली, घाम आला, घाबरले. मी विचारलं, “शंभरातनं किती?” “नव्वद.” आम्ही तिथेच उभे राहिलो. मी बोलून शांत केलं नाही, पाणी दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. सहा मिनिटांनी ते म्हणाले, “चाळीस.” अकराव्या मिनिटाला त्यांनी जिन्यात कुणाच्या घरी मासे तळतायत ते ओळखलं. हा उपचार. भीती वाटते ती गोष्ट ठरवून, पायरीपायरीने, पळून न जाता करायची. मग गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून चक्कर आणली, मग गर्दीच्या वेळी मारुती चौकातून एकटे चालणं, मग एसटीने इस्लामपूर. सोबत वही: काय झालं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, दुसरं काय म्हणता येईल. याला विचार-वर्तन उपचार म्हणतात. ॲरन बेक यांनी तो 1960 च्या दशकात मांडला. त्याच्या थोडा आधीचा, अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ उपचार मराठी वाचकाला अधिक ओळखीचा आहे. आठवड्याला एक अशा बारा ते सोळा बैठका धरून चला.

डिप्रेशनमध्ये क्रम उलटा. तिथे विचारांशी आधी भांडायचं नाही. ‘बरं वाटलं की बाहेर पडेन’ असं माणूस म्हणतो, आणि आम्ही म्हणतो, आधी बाहेर पडा, बरं वाटणं मागून येईल. अंघोळ, ऊन, एका माणसाशी दहा मिनिटं. एवढं लहान काम द्यायचं की नाही म्हणायला लाज वाटावी.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे जातात. त्यांची झोपेच्या गोळीसारखी सवय लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो. आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ‘सोमवारपासून थेंब नाही’ असं घरीच ठरवू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते. ते डॉक्टरच्या नजरेखाली.

पायरी नववी: अख्खं घर खोलीत

कुटुंबासोबतच्या बैठकीत मी आधी काहीच बोलत नाही, कोण कुठे बसतंय ते बघते. सून दाराजवळ, सासूबाई मधे, मुलगा दोघींमधल्या स्टुलावर. स्टूल त्याला कुणी दिलं नव्हतं, कोपऱ्यातनं ओढून घेतलं. पुढच्या तासाभरात त्याने नऊ वेळा ‘आईचं म्हणणं असंय की’ आणि सात वेळा ‘ती तसं म्हणाली नव्हती’ असं म्हटलं. तो नवरा नव्हता आणि मुलगाही नव्हता, निरोप्या होता. त्याला दिलेलं पहिलं काम एवढंच: दोन आठवडे एकही निरोप पोचवायचा नाही. “तू तिलाच सांग” हे वाक्य दिवसातून लागेल तितक्या वेळा.

फळ्यावर मी एक गोल काढते. आई विचारते, मुलगा दार लावून घेतो, वडील ओरडतात, आई मुलाची बाजू घेते, वडील गप्प होतात, आईला एकटं वाटतं, आई पुन्हा मुलाला विचारते. सुरुवात कुणी केली ह्यावर घरं वर्षानुवर्षं भांडतात. गोलाला सुरुवात नसते. तो कुठूनही तोडता येतो, आणि ज्याला तोडणं सगळ्यात सोपं आहे त्याने तोडायचा. तासगावच्या घरात तो वडिलांनी तोडला. रात्री जेवणानंतर त्यांनी मुलाला बेदाण्याच्या हिशेबाची वही वाचून दाखवायला सांगितली नाही. स्वतः अडखळत मोठ्याने वाचली, मुलाने बेरजा केल्या. फोन सुटला नाही, पण रात्रीचा वेळ कमी झाला आणि आदळआपट थांबली.

विट्याकडच्या बऱ्याच घरांतली कर्ती माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात परराज्यात असतात. तिथे मी व्हिडिओ कॉलवर वडिलांना घेते. फक्त एक अट: कॉल स्पीकरवर ताटासमोर ठेवून नाही, आणि ‘अभ्यास कर’ हे शब्द पहिल्या पाच मिनिटांत नाहीत.

एक सीमा पाळते. घरात मारहाण चालू असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवत नाही. इथे मोकळं बोलल्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. अशा वेळी तिची वेगळी बैठक, सुरक्षेची योजना आणि 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याची माहिती. ‘दोघांना समोरासमोर बसवून मिटवू’ म्हणणारे नातेवाईक मला तिथे बाहेरच बसलेले बरे.

पायरी दहावी: गुण येतोय का, आणि थांबायचं कधी

दर तीन-चार बैठकांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरा. पीएचक्यूमध्ये पाच गुणांची घट म्हणजे फरक खरा आहे. सहा बैठका होऊन काहीच हललं नाही तर तसं तोंडावर सांगा. पद्धत बदलू, डॉक्टरांचं मत घेऊ किंवा दुसरं नाव सुचवू. मला वाईट वाटेल म्हणून येत राहणारी माणसं मी पाहिली आहेत, सांगलीकर भिडस्त आहेत. येणं गुपचूप बंद करण्यापेक्षा एक शेवटची बैठक मागून घ्या. त्यात त्रास परत डोकं वर काढायला लागला तर पहिली खूण कोणती आणि त्या दिवशी काय करायचं, हे स्वतःच्या अक्षरात लिहून न्यायचं असतं.

गावभागातल्या बाईंच्या गोष्टीतला शेवटचा कागद मात्र एका खऱ्या बाईंनीच लिहिलेला आहे, त्यांच्या परवानगीने इथे देते.

“जूनमध्येच कागदपत्रं डब्यात. तांदूळ, गादी माळ्यावर. पाणी फोनवर फक्त सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 ला बघायचं, बाकी वेळ फोन सुनेकडे. पोट ढवळलं तर पहिल्यांदा तारीख बघायची. 35 फूट झालं की सासूबाईंना माधवनगरला पोचवायचं, विचार करत बसायचं नाही. 35 च्या आत असलं तर भाजी चिरायची.”

खाली वेगळ्या पेनने, बहुतेक घरी गेल्यावर लिहिलेलं: “35 नको. 33.”